रक्त मागता, तर मतही विचारा

सिकलसेलची तपासणी आपल्या वस्त्यांना नवीन नाही. विदर्भातल्या बौद्ध घरांत 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळतात. १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यालाही आता पासष्टहून जास्त वर्षं उलटली. तेव्हापासून आपलं रक्त तपासलं जातंय. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ही तपासणी झालीच पाहिजे. शिबिर लागलं की मी स्वतः दारोदार फिरून सांगते, बाई, लेकरांना घेऊन ये, चुकवू नको.

पण आज मला वेगळ्या रक्ताबद्दल बोलायचं आहे. तपासणी झाल्यावर बाटलीत जे उरतं त्याबद्दल, आणि "थोडं संशोधनासाठी पण घेतो हं, इथे सही करा" असं म्हणून जे घेतलं जातं त्याबद्दल.

हे रक्त रक्तपेढीत जात नाही. रक्तपेढीतलं रक्त महिना-दीड महिन्यात दुसऱ्या माणसाच्या अंगात जातं, त्याचा जीव वाचतो. संशोधनाचं रक्त बायोबँकेत जातं. ते कुणालाच चढवत नाहीत. त्यातून डीएनए वेगळा काढतात, उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि सोबत आपलं वय, आजार, आईवडिलांचे आजार, जात किंवा जमात यांची नोंद कॉम्प्युटरवर करतात. वीस-तीस वर्षांनीही कुणी संशोधक त्यावर काम करू शकतो. तेव्हा आपण असू किंवा नसू. डीएनए एकट्याचा नसतो, हेही लक्षात घ्या. माझ्या डीएनएमध्ये माझी बहीण असते, माझी लेक असते, आणि काही अंशी सगळं नातंगोतं असतं. सही मात्र एकीचीच असते.

आपल्या देशात हे काम आता मोठ्या प्रमाणावर सुरू आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 'जीनोम इंडिया' प्रकल्प हाती घेतला. वीस संस्था, देशभरातल्या वेगवेगळ्या समाजगटांतले दहा हजार लोक. जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ती फरिदाबादच्या केंद्रात ठेवली आहे. रक्ताचे नमुने बंगळुरूला आहेत. काम मोलाचं आहे, मला त्याबद्दल आकस नाही. पण ही माहिती कुणाला द्यायची, कोणत्या अटींवर द्यायची, औषध कंपनीने मागितली तर काय करायचं, हे ठरत होतं तेव्हा त्याची चर्चा तुमच्या विहारात झाली होती का? महिला मंडळात झाली होती का? माझ्या ओळखीच्या एकाही वस्तीत झाली नाही.

तज्ज्ञ मंडळींना हे विचारलं की उत्तर तयार असतं: आम्ही लोकसहभागाला महत्त्व देतो. खरंही असतं ते. सहभाग असतो, पण तो कसा असावा हे तेच ठरवतात. लोकांमधून कुणाला बोलवायचं, कधी बोलवायचं आणि कोणते प्रश्न विचारायचे, हे तिन्ही त्यांच्या हातात. आपल्यापर्यंत येतो तो शेवटचा, सगळ्यात छोटा प्रश्न: रक्त देता का? त्याला 'हो' म्हटलं की झाला सहभाग. आणि 'का?' असं विचारलं, की आपल्यात अज्ञान आहे, भीती आहे, जनजागृती कमी पडली, असा निष्कर्ष. मी नर्सिंग केलं तेव्हा वॉर्डात पाहिलंय, जी बाई जास्त प्रश्न विचारायची तिच्या केसपेपरवर 'नॉन-कोऑपरेटिव्ह' असा शेरा पडायचा. भाषा थोडी बदलली आहे, शेरा तोच आहे.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजू नका. ज्या देशांनी बायोबँका आधी उभ्या केल्या, तिथे हेच घडलं आणि त्याची लेखी नोंद आहे.

ब्रिटनमध्ये 'यूके बायोबँक' आहे. २००६ ते २०१० या काळात त्यांनी ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांचं रक्त आणि माहिती गोळा केली. जगात नावाजलेलं काम. सुरू होण्याआधी त्यांनी लोकांची मतं घेतली, बैठका घेतल्या, अहवाल काढले. कागदावर सगळं नीट. तरी २००३ मध्ये तिथल्या संसदेच्या विज्ञान समितीने स्पष्ट लिहिलं की हा लोकसंवाद प्रकल्पाला वरून चिकटवल्यासारखा वाटतो. लोकांचा पाठिंबा मिळवायला तो केला, प्रकल्पाचा हेतू आणि पद्धत लोकांसोबत ठरवायला नाही. हे कुणा चळवळवाल्याने म्हटलेलं नाही, खासदारांच्या समितीने म्हटलंय. प्रकल्प करायचा की नाही, पैसा त्याच कामावर घालायचा की दवाखान्यांवर, हे प्रश्न त्या बैठकांपर्यंत पोचेपर्यंत मिटलेले होते. उरला होता फक्त 'कसा'.

पुढे काय झालं? नव्वद लाखांहून जास्त लोकांना निमंत्रणपत्रं गेली, आले शेकडा पाच-साडेपाच. जे आले त्यांतले शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव गोरे, आणि सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त निरोगी, जास्त सुस्थितीतले. ज्याला सुट्टी मिळते, ज्याला पत्र वाचता येतं, ज्याचा दवाखान्यावर विश्वास आहे, तो आला. आता त्या माहितीवरून हृदयरोगाचा, मधुमेहाचा धोका मोजायची गणितं बनतात आणि ती आशियाई, आफ्रिकी वंशाच्या माणसाला तितकी नीट लागू पडत नाहीत. त्यामुळे "आम्ही रक्त देणारच नाही" असं म्हणून दार लावून घेणं हा मला उपाय वाटत नाही. आपण यादीत नसलो तर औषधंही आपल्याला गृहीत न धरता बनतील. नुकसान दोन्हीकडून आपलंच.

आइसलँडमध्ये तर याहून पुढची गोष्ट झाली. पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीचा छोटा देश. १९९८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की सगळ्या नागरिकांच्या दवाखान्यातल्या नोंदी एका डेटाबेसमध्ये घालायच्या. तो चालवायचा परवाना 'डीकोड' नावाच्या खासगी कंपनीला मिळाला. संमती विचारायची नाही; ज्याला नको त्याने स्वतः अर्ज करून नाव काढून घ्यायचं. गप्प बसलेल्याचा होकार धरायचा. कंपनीने सांगितलं, जनमत आमच्या बाजूने आहे. पण डॉक्टरांतला एक गट आणि सामान्य लोक विरोधात उभे राहिले, वीसेक हजार लोकांनी अर्ज केले. आणि एका तरुण मुलीने कोर्टात विचारलं, माझ्या वारलेल्या वडिलांच्या नोंदी यात घालू नका असं मी म्हणू शकते की नाही? त्या नोंदींतून माझ्याबद्दलही कळतं ना? २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तो डेटाबेस शेवटी उभाच राहिला नाही. कायदा करणाऱ्या एवढ्या विद्वानांच्या लक्षात न आलेली गोष्ट त्या मुलीने विचारली.

आपल्याला सगळ्यात जवळची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीची आहे. ती जरा सविस्तर सांगते.

ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड दरी आहे. तिच्या तळाशी सुपाई हे त्यांचं गाव. रस्ता नाही, खाली जायचं तर पायी, खेचरावर नाहीतर हेलिकॉप्टरने. जमात साडेसहाशेच्या आसपास. मधुमेहाने घरंच्या घरं पोखरलेली, पाय कापावे लागलेली माणसं. १९८९ मध्ये त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ओळखीच्या प्राध्यापकाकडे मदत मागितली. १९९० पासून तिथल्या संशोधकांनी दोनशेहून जास्त लोकांचं रक्त घेतलं. लोकांची समजूत अशी की हे मधुमेहासाठी आहे. संमतीपत्रात मात्र शब्द मोघम होते, 'वर्तणुकीचे आणि वैद्यकीय विकार' असे. इंग्रजी अनेकांची दुसरी भाषा. सह्या झाल्या.

२००३ मध्ये याच जमातीची कार्लेटा टिलूसी त्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याचं पीएचडीचं सादरीकरण ऐकायला गेली. तिथे तिला कळलं की आपल्याच लोकांच्या रक्तावर हे काम झालंय आणि त्याचा मधुमेहाशी काही संबंध नाही. तिने उभं राहून विचारलं, या कामासाठी रक्त वापरायला तुम्ही लोकांची परवानगी घेतली होती का? त्या एका प्रश्नावरून सगळं उघड झालं. त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा अभ्यास झाला होता, जमातीत नात्यातली लग्नं किती हे तपासलं होतं, आणि त्यांचे पूर्वज आशियातून आले हे सांगणारं संशोधनही झालं होतं. हवासुपाई मानतात की आपण या दरीतूनच जन्मलो. ते खरं की खोटं हा मुद्दा नाही. ज्यांनी मधुमेहाच्या औषधासाठी हात पुढे केला, त्यांच्या रक्तातून त्यांची बदनामी करणारे निबंध तयार झाले, आणि मधुमेहाचं दुखणं होतं तिथेच राहिलं.

संशोधकांची बाजूही सांगते. त्यांचं म्हणणं होतं की संमती व्यापक होती, फॉर्मवर सही आहे, आम्ही चांगलं विज्ञान केलं. त्यांनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. त्यांना मनापासून वाटत होतं की फॉर्म भरला म्हणजे लोकांना विचारलं. मला तेच जास्त गंभीर वाटतं. २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड केली. जमातीच्या ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. जमातीची माणसं प्रयोगशाळेत गेली, फ्रीजर उघडला, आणि त्या गोठलेल्या कुप्यांसमोर ती रडली, त्यांनी आपली प्रार्थना म्हटली. त्यांतल्या काही कुप्या मेलेल्या माणसांच्या होत्या.

त्यांच्या शेजारच्या नवाहो लोकांनी २००२ पासूनच आपल्या भूमीत जनुकीय संशोधनाला बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेच्या सान लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांच्यातल्या काही माणसांच्या जीनोमवरचं संशोधन २०१० मध्ये मोठ्या नियतकालिकात आलं, तेव्हा त्यांच्या नेत्यांनी आक्षेप घेतला की समाजाला कुणी विचारलं नाही. आणि २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी आचारसंहिता लिहून काढली: आमच्याकडे यायचं तर असं यायचं, काम झालं की निष्कर्ष आधी आम्हाला सांगायचे, दिलेला शब्द पाळायचा. शिकारीवर जगलेल्या लोकांनी प्राध्यापकांना नियमावली दिली. मला ही वाट जास्त आवडते.

आता आपल्याकडे येऊ. जातीवरून शरीर मोजण्याचा अनुभव आपल्याला आहेच. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले साहेब नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा वंश ठरवू पाहत होते. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळावर लिहिलेल्या ग्रंथात नाकाच्या मापांचे असेच आकडे हाती घेतले आणि त्यांतूनच दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. आकडे होते ते होते, वाचणारा बदलला. आज टेपच्या जागी डीएनए आला आहे. फ्रीजरमधल्या नमुन्यावर जातीचं नाव लिहिलं जातं. त्याचा निष्कर्ष लिहिताना टेबलाभोवती कोण बसलंय, यावर तो निष्कर्ष कसा वाचला जाईल हे बरंचसं अवलंबून असतं. 'अमुक जातीत हा दोष आढळतो' असं वाक्य पेपरात आलं, तर त्याचे भोग कुणाच्या वाट्याला येतात? सिकलसेलमध्ये बघा ना. मुलाचा 'एएस' घरात झाकून ठेवतात, मुलीचा मात्र सोयरिकीच्या बैठकीत आधी विचारतात. हे दुखणं प्रयोगशाळेत बसून दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या पुरुषमंडळींच्या सभेतही दिसत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली तर बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. प्रत्येक संशोधनाला नीतिसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती, समाजशास्त्र जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य माणूस लागतो. हा सामान्य माणूस म्हणजे आपण. पण त्याला नेमतं कोण? ज्या संस्थेत संशोधन व्हायचं तिचा प्रमुख. मग बहुतेक वेळा कुणी निवृत्त शिक्षक, कुणी ओळखीचा सद्गृहस्थ खुर्चीवर बसतो. माणूस सज्जन असतो, पण वस्ती त्याला पाठवत नाही आणि तो वस्तीला हिशोब देत नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता: अस्पृश्यांची बाजू दुसऱ्याने मांडून चालणार नाही, ती अस्पृश्यांनीच मांडली पाहिजे. तो प्रश्न मताधिकाराचा आणि कौन्सिलचा होता. पण खुर्ची नीतिसमितीची असली म्हणून तर्क बदलतो असं मला वाटत नाही.

खुर्ची कशासाठी हवी, तेही सांगते. ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने सिकलसेलवरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता दिली. जगभरच्या रुग्णांच्या रक्तावर अनेक दशकं जे संशोधन झालं, त्याचं हे फळ. एकाची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर, आणि दुसऱ्याची ३१ लाख डॉलर. आपल्या वस्तीतल्या 'एसएस' पोराला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळाल्या, दुखणं उठल्यावर रात्री रक्ताची पिशवी मिळाली, तरी खूप झालं अशी स्थिती आहे. संशोधन सुरू होण्याआधी आपल्याला विचारलं असतं, तर आपण म्हटलं असतं, औषध निघालं तर त्याची किंमत आणि इथली उपलब्धता आत्ताच लिहून द्या. मार्गदर्शक तत्त्वांत लाभाच्या वाटणीचा उल्लेख आहे. पण रक्त गेल्यावर तो उल्लेख काढून भांडणं म्हणजे बैल विकल्यावर किंमत विचारणं.

माझं मागणं मोठं नाही. संशोधनाचं शिबिर लागण्याआधी संशोधकांनी वस्तीत एक बैठक घ्यावी, शिबिराच्या सकाळी नव्हे, महिनाभर आधी. संध्याकाळी घ्यावी, धुणंभांडी आणि मजुरी आटोपून बायांना येता येईल अशी. संमतीपत्र मराठीत, आधी वाचायला द्यावं. आणि त्या बैठकीत लोक म्हणाले की हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही, तो दुसरा वाटतो, तर ते लिहून न्यावं आणि प्रकल्पात काय बदललं हे परत येऊन सांगावं. परत येऊन काहीच बदललेलं नसेल, तर ती बैठक नव्हती, हजेरी होती.

आपल्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. विहार समितीच्या अध्यक्षांनी, नगरसेवकाने किंवा नवऱ्याने होकार दिला म्हणून माझ्या दंडात सुई घालता येत नाही. समाजाची परवानगी वेगळी आणि माझी संमती वेगळी, दोन्ही लागतात. नियमही तेच सांगतो.

आता व्यवहाराचं. रक्त घ्यायला आले की पहिला प्रश्न: हे माझ्या उपचारासाठी आहे की संशोधनासाठी? दोन्हीसाठी असेल तर दोन वेगळ्या सह्या मागा. संशोधनाला नाही म्हटलं तरी तुमची तपासणी आणि औषध थांबवता येत नाही. मग विचारा, नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संस्थेला, कंपनीला किंवा परदेशात देणार का, आणि निबंधात आमच्या समाजाचं नाव लिहिणार का. फॉर्मवर 'भविष्यातील कोणत्याही संशोधनासाठी' असं असेल, तर ती सरसकट संमती आहे. त्याऐवजी फक्त याच आजारापुरती संमती, किंवा नवीन काम असेल तेव्हा पुन्हा विचारण्याची अट, असे पर्यायही असतात; ते मागता येतात. सही केलेल्या फॉर्मची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. त्यावर नीतिसमितीचा फोन आणि पत्ता असायला हवा, नसेल तर लिहून घ्या. नंतर मन बदललं तर माघार घेता येते. नमुन्याचा नंबर घालून मराठीत साधा अर्ज समितीच्या सचिवांना द्या आणि पोच घ्या. मात्र नमुन्यावरची ओळख एकदा कायमची पुसली की तो कुणाचा हे शोधता येत नाही आणि परत मिळत नाही. म्हणून ओळख कधी पुसणार, हेही सहीच्या आधीच विचारायचं.